डाव्या स्पीकरमधले पाहुणे

परग्रहावरून संदेश आलाच, तर तो फक्त डाव्या स्पीकरमधून का यावा? हा प्रश्न शाल्मलीला पडायला हवा होता. पण ती भाषणाच्या तयारीत होती.

तिच्या तुषारआजोबांकडे एक जुना स्टिरिओ रिसीव्हर होता (रेडिओ स्टेशन पकडून, त्याचा आवाज मोठा करून दोन स्पीकरना पोचवणारं यंत्र). वजन इतकं, की घरातला यंत्रमानव दामोदर तो उचलण्याआधी रीतसर परवानगी मागायचा. सोमवारपासून त्याच्या डाव्या स्पीकरमधून सारखा 'स्स्स' ऐकू येत होता. स्टेशन बदललं तरी तेच. यात काही संदेश आहे का, असं शाल्मलीने दामोदरला विचारलं. दामोदर आज्ञाधारक. त्याने चार वाक्यं शोधून दिली. त्यातलं एक होतं, 'आम्ही निघालो आहोत, जेवून येऊ.'

शाल्मलीने शाळेला कळवून टाकलं. उद्याच्या परिपाठात तिला वेळही मिळाला. हा परिपाठ चंद्रावरच्या शाळेतही ऐकतात, आणि तिथली मुलं आपल्याला आधीच जरा मागासलेली समजतात. उद्या फजिती झाली, तर ती दोन्हीकडे होणार होती.

आजोबांचं आयुष्य आवाजाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी बातमी शांतपणे ऐकून घेतली, पाहुण्यांना चहा चालतो का तेवढं विचारलं, आणि मग म्हणाले, "आधी त्यांचा आवाज शून्यावर आण."

शाल्मलीला आवाजाचं बटण फिरवायचं नव्हतं. पाहुणे रागावून निघून गेले तर? शेवटी तिने फिरवलं. बातम्या देणारी बाई गप्प झाली. 'स्स्स' मात्र तसाच.

ते भलतेच शक्तिमान असतील, असं शाल्मलीने सुचवलं. आजोबांनी ते नाकारलं नाही. त्यांनी फक्त नळाची गोष्ट काढली. समज, नळाला गढूळ पाणी येतंय. नळ घट्ट बंद केला आणि थेंब थांबले, तर गाळ टाकीतला. बंद करूनही गढूळ थेंब पडतच राहिले, तर ते नळाच्या अलीकडून, म्हणजे आपल्या बाजूने येतायत. आवाजाचं बटण हा तसाच नळ. आकाशातून येणारं सगळं त्याच्या पलीकडून येतं.

अर्धं यंत्र एका झटक्यात निर्दोष सुटलं होतं, आणि त्याबरोबर सगळं आकाशही.

मग रिसीव्हर बंद करून त्यांनी स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. पुन्हा चालू केल्यावर 'स्स्स' उजव्या स्पीकरमधून आला. म्हणजे स्पीकर बिचारा ठीक होता. दोष पेटीतच, बटणाकडून एरवी डाव्या स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर.

झाकण आजोबांनी स्वतः उघडलं. शाल्मलीला हात लावायला सक्त मनाई होती, कारण बंद केल्यावरही अशा पेटीत वीज साठून राहते. दामोदरच्या बोटातून वीज जात नाही. आजोबांनी त्याला एक बोट बर्फासारखं गार करायला सांगितलं आणि रिसीव्हर चालू केला. दामोदर एकेका ट्रान्झिस्टरला (विजेचा बारीकसा प्रवाह मोठा करणारा भाग) बोट लावत गेला. मिरीएवढ्या एका दाण्यावर बोट टेकलं आणि 'स्स्स' थांबला. बोट काढलं, दाणा तापला, पुन्हा सुरू.

"हे तुझे पाहुणे," आजोबा म्हणाले.

त्यांनी समजावलं, की प्रत्येक तारेत इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) सारखे चुळबुळत असतात. उन्हात प्रार्थनेला उभी केलेली मुलं आठव. एकेकट्याचं हलणं ऐकू येत नाही, सगळ्यांचं मिळून कुजबुज होते. जुना, बिघडलेला ट्रान्झिस्टर म्हणजे जास्तच खोडकर वर्ग. पुढचे भाग ती कुजबुज इमानदारीने मोठी करतात.

"मग दामोदरची चार वाक्यं?"

"त्याला शोध म्हटलंस, त्याने शोधलं. मिक्सर लावून दिलास तर त्यातही सापडतील."

दामोदरने हे खरं असल्याचं सांगितलं. मिक्सरमध्ये त्याला सहा सापडली होती.

नवा ट्रान्झिस्टर बसला, डावा स्पीकर शांत झाला. भाषण रद्द करायचं का, असं आजोबांनी विचारलं. शाल्मलीने रात्रभराची मुदत मागितली.

सकाळी तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. बटण, तारा, गार बोट. वर्गात हसू फुटलं. चंद्रावरून एका मुलाने खवचटपणे विचारलं, म्हणजे परग्रहवासी नाहीत तर?

"नाहीत असं मी म्हटलं नाही," शाल्मली म्हणाली. "आमच्या रेडिओत नाहीत, एवढं नक्की."

तिकडे थोडी कुजबुज झाली. मग दुसरी एक मुलगी पुढे आली. चंद्राच्या मागच्या बाजूला, जिथे पृथ्वीचा गोंगाट पोचत नाही, तिथे त्यांच्या शाळेची अँटेना आहे. तिच्यातून आठवडाभर एक बारीक शीळ येत होती. हसतील म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ता, शाल्मली बोलत असतानाच, त्यांनी आवाज शून्यावर आणून पाहिला. शीळ थांबली. आवाज परत वाढवून अँटेना काढली, थांबली. लावली, आली.

"पुढे काय तपासायचं?" तिने विचारलं.

आता वर्गात कुणी हसत नव्हतं. शाल्मलीने खुर्ची ओढून घेतली आणि ती म्हणाली, शीळ आकाशातल्या एकाच जागेहून येते का ते कळायला, अँटेना जरा दुसरीकडे वळवून बघा.