मागच्या खोलीतली उस्तवार

हौस गजेंद्रची आणि उस्तवार माझी, हा आमच्या संसाराचा जुना नियम. आधी पिंजऱ्यातले पक्षी झाले, मग गच्चीवरचे गुलाब झाले आणि दोन वर्षांपूर्वी नागपूरहून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली. पांढुर्ण्याहून समुद्र गाठायचा तर दिवसभर गाडीत बसावं लागतं. पण आमच्या बैठकीत, दिवाणाशेजारी, मीठ कालवलेलं पाणी, चार खडक आणि एक मासा एवढा समुद्र होता. नारंगी अंगावर पांढरे पट्टे. गल्लीतल्या बायकांनी त्याचं नाव संत्रा ठेवलं. संत्र्यांच्या या गावात दुसरं काय सुचणार!

गजेंद्र माझा नवरा. बोरगावच्या कारखान्यात शिफ्टवर जातो. घरी आला की टाकीसमोर खुर्ची टाकून चहा पिणार आणि म्हणणार, "किती शांत वाटून राहिलं, नाही व?" पाणी तपासायचं, काच पुसायची, उडून गेलेल्या पाण्याची भर घालायची, हे माझ्याकडे. मी इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. "तुले तं मोजायची सवयच आहे," म्हणून त्यानं ते माझ्या गळ्यात बांधलं. त्या हिवाळ्यात लॅबमधली दुसरी मुलगी लग्न होऊन गेली आणि तिचंही काम माझ्यावर आलं. मी फार थकले होते. हे आधीच सांगते, कारण थकलेल्या माणसाला भास होतात, हे मलाही ठाऊक आहे. पण मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं मी स्वतःच्या हातानं फडक्यानं पुसलेलं आहे.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे कुसुमबाईंनी, हळदीकुंकू केलं. मी लॅबमधून घरी आले तेव्हा बायका गेल्या होत्या. दाराशी तिळाचे दाणे सांडले होते. टाकीचं पाणी गढूळ झालं होतं आणि त्यावर मोहरी आणि लाल मिरच्या तरंगत होत्या. मासा टाकीत नव्हता.

"आई, हे काय?"

"ओरडून कायले राहिली व? दृष्ट काढली त्याची. इतक्या बाया पाहून गेल्या, 'किती सुंदर, किती सुंदर' म्हनून. लागन नाही तं काय?"

"पण पाण्यात कायले टाकलं सगळं?"

"मानसाची चुलीत टाकतात. हा पान्यातला जीव, याची पान्यातच टाका लागन ना! अन् मीठ तं तू बी टाकतच असते."

मी वाद सोडून मासा शोधायला लागले. संत्रा दिवाणाच्या मागे सापडला. टाकीतून उडी मारून तो भिंत आणि दिवाणाच्या मधल्या फटीत पडला होता. अंगाला गादीतला कापूस आणि धूळ चिकटली होती. रंग फिका पडला होता. कल्ले सावकाश उघडत होते, मिटत होते.

तो मेला असता तर माझं एक काम कमी झालं असतं. हे मी तेव्हाही मनात म्हणाले. पण त्याला ओल्या तळहातावर घेतलं आणि मला एकदम रडू आलं. आपण दमलो आहोत हे याला कुणाला सांगता येत नाही, असं काहीतरी वाटलं. मी ठरवलं, याला वाचवायचं.

घाबरलेल्या माशाची निम्मी शुश्रूषा म्हणजे त्याला एकटं सोडणं. मागच्या खोलीत, जिथे गाद्या आणि जुनी कपाटं असतात, तिथे मी नवा निळा टब ठेवला. ताज्या पाण्यात मीठ कालवून, यंत्रानं खारेपणा पाहून, ते टाकीतल्या मूळ पाण्याएवढं केलं. थंडीचे दिवस, म्हणून पाणी गरम ठेवायची कांडी लावली. हवेचा छोटा पंप लावला. वरून जाळी, जाळीवर काळी शाल. उजेड नको, आवाज नको, कुणी वाकून बघायला नको. आईंनी पुन्हा काही उतरवू नये म्हणून खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं आणि पाणी अधिकच खारं होतं. म्हणून रोज त्यात गोडं पाणी घालावं लागतं. टबावर मी पेनानं रेघ मारली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर पाणी बरोबर रेघेवर होतं. कांडी चालू असताना ते उतरायलाच हवं होतं. मी गजेंद्रला विचारलं, "तुम्ही पाणी टाकलं का टबात?"

"मी कायले टाकू? किल्ली तं तुझ्यापाशी आहे."

थंडीत कमी उडत असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. त्याच्या पुढच्या दिवशी टबाच्या तळाशी घाण नव्हती. मासा काही खात नव्हता, तरी मी सकाळी कोळंबीचे बारीक तुकडे टाकून गेले होते; ते कुजून खाली पडलेले मिळायला हवे होते. तळ स्वच्छ होता. शालीची एक बाजू दुमडून पंपाच्या नळीसाठी नीट फट केलेली होती. मला हे सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं.

मी पुन्हा गजेंद्रला विचारलं. तो चिडला. "दिवसभर मशीनवर उभा राहून येतो मी. तुझ्या टबापाशी कोन जाते?" माझा टब! हौस कुणाची आणि टब कुणाचा झाला, बघा.

मग मी फरशी पाहिली. टबाच्या शेजारी दोन पांढरे गोल डाग होते, जवळजवळ. खारं पाणी वाळलं की असे डाग पडतात. कुणीतरी ओल्या कपड्यांनी गुडघे टेकून बराच वेळ तिथे बसलं होतं. दारापासून टबापर्यंत पावलं मात्र नव्हती. मी ते डाग फडक्यानं पुसले आणि फडकं धुवायला टाकलं. बोटाला लागलेलं चाखूनही पाहिलं. मीठच होतं.

दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच होते.

कुसुमबाई भाजी निवडत बसल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, दुपारी कोणी येते का घरात?"

त्यांनी हात थांबवला. "मले वाटलं, तूच सुटी टाकून येत असशील."

"मी? मी तर लॅबमध्ये असते."

"मंग आतून कोन बोलते व?" त्यांनी मागच्या खोलीकडे बघितलं नाही. "हळूहळू बोलते. लेकराले समजावल्यासारखं. म्या म्हटलं, बोलू दे. इकडे कोनाशी बोलत नाही, माशाशी तं बोलते."

त्यांचा टोमणा मला लागला, हे कबूल करते. पण त्याहून जास्त, मला हेवा वाटला. दुपारभर कुणीतरी त्या माशापाशी बसत होतं. घाई न करता, मोबाईल न बघता. माझ्यापाशी कधी कुणी असं बसलं होतं, हे आठवेना. साध्या तापात नाही, डेंग्यूत नाही. डेंग्यू झाला तेव्हा स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट मीच काढला होता.

घाबरायला हवं होतं, पण घाबरायलाही अंगात ताकद लागते. मी कुलूप बदललं, तेवढं केलं. आणि मग, खरं सांगते, उस्तवार करणंच सोडून दिलं. पाणी भरलं जात होतं, तळ साफ होत होता, पाणी यंत्रानं तपासलं की आकडा बरोबर यायचा, माझ्या हातून येई त्याहून बरोबर. संत्र्याचा रंग परतला. तो टबाच्या मधोमध स्थिर राहू लागला. मी संध्याकाळी नुसती दार उघडून बघायची.

एका संध्याकाळी गजेंद्रनं डब्यावरून आणि आईंनी दुधावरून मला ऐकवलं. मी भांडी तशीच टाकून मागच्या खोलीत गेले आणि गाद्यांना पाठ टेकून बसले. पंपाचा बुडबुड आवाज येत होता. मासा शालीखालच्या अंधारात तोंड उघडून काहीतरी टिपत होता, आणि मी तर काही टाकलं नव्हतं.

"याचं करता, तसं कधी माझंही करा," मी म्हणाले.

हसत म्हणाले. कुणाला म्हणाले, ते मलाही माहीत नव्हतं.

पंपाचा आवाज थांबला. लाईट गेली असेल म्हणून मी दाराकडे पाहिलं, तर बैठकीतला दिवा चालू होता. मग पंप पुन्हा सुरू झाला.

आठवड्याच्या शेवटी मी संत्र्याला मोठ्या टाकीत सोडलं. टाकी धुऊन, नवं पाणी भरून ठेवली होतीच. तो खडकामागे गेला, बाहेर आला, त्यानं खाल्लं. गजेंद्रनं फोटो काढून कारखान्यातल्या ग्रुपवर टाकला. "वाचवला भाऊ आपण," असं त्यावर लिहिलं. मी टब रिकामा केला, पुसला आणि पालथा घातला.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी अंग मोडून आलं. लॅबमधून लवकर निघाले. बैठकीत टीव्ही चालू होता, म्हणून मागच्या खोलीत जाऊन सतरंजीवर पाच मिनिटं आडवी झाले.

जाग आली तेव्हा अंधार होता.

आधी वाटलं, रात्र झाली. पण बाहेर रोज दुपारी येणारी संत्र्यांच्या क्रेटची गाडी लागत होती, हमाल एकमेकांना हाका मारत होते. दुपारच होती. कुठली दुपार, ते कळेना. खिडकीवर जाड कापड होतं, चारही कडांनी नीट खोचलेलं.

मी सतरंजीवर नव्हते. खाली मऊ गादी होती. अंग पुसल्यासारखं स्वच्छ होतं. हातात बांगड्या नव्हत्या. केसातल्या पिना, घड्याळ, गळ्यातलं, सगळं उशापाशी एका फडक्यावर ओळीनं मांडलं होतं. टोकदार, काचेचं असं अंगावर काही ठेवलं नव्हतं.

तोंडात वरण-भाताची चव होती. पोट भरलेलं होतं. मी काही खाल्ल्याचं मला आठवत नव्हतं.

दार आतून बंद होतं. लावलेली कडी दिसत होती.

मी उठायला हवं होतं. पण अंग इतकं हलकं, इतकं विसावलेलं होतं, की लग्नानंतर असं कधी वाटलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. त्याची मला भीती वाटली, आणि तीही लगेच ओसरली.

बाहेर चपला वाजल्या. दारावर टकटक झाली.

"मृणाल?" गजेंद्र होता. "कशी आहेस व आता?"

मी तोंड उघडलं. आवाज काढायच्या आत, माझ्या अगदी शेजारून, जमिनीलगत बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, कुणीतरी हळूच उत्तर दिलं.

"आज थोडं खाल्लं तिनं."

आवाज बाईचा होता. माझा नव्हता. माझ्यासारखाही नव्हता.

"बरं," गजेंद्र म्हणाला, आणि चपला वाजवत बैठकीकडे निघून गेला.