वगळलेली आकृती

लिफ्टमध्ये आपण एकटेच आहोत असं समजून ती दाराकडे तोंड करून पाठ केलेलं भाषण पुटपुटत होती. "नमस्कार, पुढचे तीन दिवस आपण..." इथे ती तिसऱ्यांदा अडली, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "...एकत्र शिकणार आहोत?"

ती दचकून वळली. कोपऱ्यात लॅपटॉप छातीशी धरून एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. तो हसला नाही, याचंच तिला बरं वाटलं. मीही तुमच्याच कार्यशाळेला आलोय, तो म्हणाला, आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा निदान माझी तरी भीती बाळगू नका.

भीती मात्र होतीच. कोड लिहायला सांगा, ती दिवसभर मान वर करायची नाही. पण चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की पाठ केलेलंही विसरायची. शिकवायला खरं तर तिचे सर येणार होते. ते आजारी पडले आणि हे काम तिच्या गळ्यात आलं. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, अशा सुट्या सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित करणारे बावीस संशोधक समोर. त्यांच्या आकृत्या लाखांनी तपासायच्या तर हाताने जन्म पुरणार नाही, म्हणून हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. कुणीही वापरावं, आतला कोड उघडून वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करावी. त्यातला बराच कोड तिच्याच हातचा होता.

पहिल्या दिवशी ती बोलता बोलता अडली, की शेवटच्या रांगेतून तो काहीतरी अगदी साधं विचारायचा. उत्तर देता देता तिचा आवाज मोकळा व्हायचा. दुपारच्या चहाला तिने त्याला गाठलं.

"ते सगळं तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"होतं की. पण उत्तर देताना तुम्ही पडद्याकडे बघायचं सोडता आणि... आमच्याकडे बघता."

"आमच्याकडे?"

"बरं — माझ्याकडे."

चहा गरम होता म्हणून तिचे कान तापले, असं तिने स्वतःला सांगितलं. बोलता बोलता त्याने आपल्या प्रबंधाचंही सांगितलं. पाच वर्षांचं काम : रंगीत बिंदूंच्या सगळ्या आकृत्या एक नियम पाळतात, हे सिद्ध करायचं. शेवटची पायरी याच सॉफ्टवेअरवर तपासलेली. तीन आठवड्यांत प्रबंध जाणार.

दुसऱ्या दिवशी तिने सरावाला एक छोटी यादी दिली. बिंदूंना रंग दिलेले असताना वेगवेगळ्या आकृत्या किती निघतात, ते मोजायचं. कॉम्प्युटर म्हणाला अठरा. त्याने कागदावर काढल्या, त्या एकोणीस भरल्या. पुन्हा मोजा, ती हसून म्हणाली. त्याने पुन्हा मोजल्या. एकोणीस.

जेवणाच्या सुट्टीत तिने कोड उघडला आणि डबा बाजूला सारला. रंग असले की आकृत्या मोजणारी, तिने लिहिलेली आज्ञा कधीकधी दोन निराळ्या आकृत्यांना एकच समजून त्यातली एक वगळत होती. ओळ दोन वर्षांपूर्वीची. शेजारी तिचंच नाव. त्याची शेवटची पायरी याच आज्ञेवर उभी होती.

तिने सरांना फोन लावला. सर खोकत म्हणाले, परत आलीस की गुपचूप दुरुस्त कर, वर्गात कशाला शोभा करून घेतेस. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुपारभर ती मूठ तिच्या हातात जळत राहिली. संध्याकाळी बाकीचे पांगल्यावर तिने त्याला व्हरांड्यात थांबवलं.

"तुमचे एकोणीस बरोबर आहेत. चूक माझी आहे... आणि ती तुमच्या प्रबंधातही गेली असणार."

त्याचा चेहरा उतरला. ही आज्ञा केव्हापासून अशी आहे, एवढंच त्याने विचारलं. दोन वर्षं, ती म्हणाली. त्याने मान हलवली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला.

तिसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी. तिने आपली ती ओळ पडद्यावर लावली आणि सांगितलं, की आज चूक कशी दुरुस्त करतात ते शिकू, चूक खरी आहे आणि माझी आहे. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या वयस्कर प्राध्यापक बाईंनी तर तिच्यापेक्षा सुटसुटीत दुरुस्ती सुचवली. तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. साडेअकराला तो आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "झाली दुरुस्ती?" म्हणाला, आणि आपल्या प्रबंधातल्या आकृत्यांची सगळी यादी नव्याने तपासायला लावून बसला.

दुपारी कार्यशाळा संपली, सगळे निरोप घेऊन गेले. खोलीत दोघंच उरली आणि पडद्यावर सरकणारा आकडा. ती त्याच्याशेजारी उभी. आकडा थांबला. नियम मोडणाऱ्या आकृत्या : एक.

त्याने ती कागदावर उतरवून घेतली. अकरा बिंदू, वेडावाकडा गुंता.

"हे छापून गेलं असतं," तो म्हणाला, "आणि मग ही कुणाला तरी सापडली असती. आता सहा महिन्यांची मुदत मागून घेतो. तुम्ही गप्प बसला असतात, तरी कुणाला कळलं नसतं."

"बसणारच होते. काल दुपारभर."

"नोकरीची भीती?"

"नाही... तुम्ही परत माझ्याशी बोलणार नाही, याची."

बोलून गेली, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं तिला झालं. तो कागदाची घडी करत राहिला. एक घडी, दुसरी...

"मी काल रागावून नाही गेलो. घाबरलो होतो. घरी आईला सांगितलं, पाच वर्षं पाण्यात गेली असतील. ती माझ्याकडे बघून म्हणाली, पाच वर्षं पाण्यात गेलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. कोण आहे ती?"

तिने शेजारची खुर्ची ओढून घेतली. "मग... काय सांगितलंत?"

"सगळंच. तर म्हणाली, उद्या आधी विचार, तिची परतीची गाडी किती वाजताची आहे."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गाडी पाच दहाची. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि स्टेशन इथून अर्ध्या तासावर.

"गेली," ती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच मनापासून हसली.