उलटं छप्पर

भाट्याच्या किनाऱ्यावर एक माणूस छप्पर उलटं मांडून त्यावर रेतीच्या पिशव्या रचत होता. मला हसू आवरेना.

"काय वो, घर उलटं बांधताय?"

तो वळला. सावर्ड्याचा सदानंद, छपरं तपासणारा इंजिनीअर... आणि नाकाला रेती!

"वारा पत्र्याला वर ओढतो. रेती काही वर ओढत नाही, ती खालीच दाबते. म्हणून छप्परच उलटं केलं."

अगंबाई! एवढी अवघड गोष्ट, आणि मला एका दमात कळली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराचे पत्रे उडाले होते. "यंदा छप्पर टिकला नाय तर घर सोडून मुंबईस जायचा," बाबांनी सांगून टाकलं होतं. म्हणून नवे पत्रे चढवण्याआधी तश्शाच छपराचा तुकडा तो तपासत होता. मीही पिशव्या भरू लागले. रेती कमी, बोलणं जास्त!

दुपारी पत्रा बोल्टापाशी टर्रकन फाटला. बघायला आलेल्या बाबांचं तोंड उतरलं. आणि हा खुळा चक्क हसत होता!

"हसताय काय?"

"इथे फाटला, हिरा. तुमच्या डोक्यावर नाही फाटला."

खरं सांगू? मी तिथेच विरघळले. चारचौघांत फजिती झाली, तरी ज्याला आधी आमचं डोकं आठवतं, असा माणूस मी पाहिला नव्हता.

त्याने बोल्ट जवळजवळ घेतले, खाली वायसरच्या रुंद चकत्या घातल्या. पुन्हा पिशव्या चढल्या. पत्रा वाकला, कुरकुरला... पण सुटला नाही.

"वादळात स्वतः बसाल काय ह्याच्याखाली, सायेब?" बाबांनी विचारलं.

"बसेन की."

तसेच पत्रे आमच्या घरावर चढले. आषाढात वादळ आलं, आणि भर दुपारी तो निथळत आमच्या दारात हजर! माड पिळवटत होते, पत्रे थरथरत होते. आईबाबांचे डोळे आढ्याला लागलेले. हा मात्र माझ्याकडेच बघत होता.

"वर बघा ना," मी कुजबुजले, "छप्पर उडेल..."

"ते तपासून झालंय. तुमच्या मनातलं तेवढं कळत नाही... माझ्याशी लग्न कराल?"

मी मान खाली घातली, पण हसू कुठे लपतंय! वारा हळूहळू पडला. छप्पर जागच्या जागी होतं.

बाबा खाकरले. "काय रे, तुमच्या सावर्ड्यात मासे खातात ना?"

"खातात—"

"मग बस जेवायला. हिरा, कालवणात दोन तुकड्या जास्त टाक गो."

"कधीच्या टाकल्यात, बाबा!"