मावलोन-बाबांच्या खोलीतला दिवा

गुरुवारी दुपारी सोबितने हत्यारांची पिशवी सायकलला अडकवली आणि तो जुन्या कोकंद शहरातल्या लोहारगल्लीकडे निघाला. काम नेहमीचंच होतं. मावलोन-बाबांचा मुलगा पोटासाठी दूर रशियात होता. त्याने फोनवर सांगितलं होतं, "सोबित-अका, आईकडचे दिवे सारखे मिणमिणतात म्हणे. सगळ्या तारा बदलून टाका. फक्त तिच्याशी वाद घालू नका."

वाद घालायची सोबितची सवय केव्हाच मोडली होती. पानगळीत बायको गेली, तेव्हापासून घरात वाद घालायला होतं कोण? ती, मुआत्तर, तशीही कमी बोलायची. जेवण तयार झालं की हाक मारत नसे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी थाप द्यायची. दोन हलक्या, मग जरा थांबून एक. आता घरात किटली सोडली तर कशाचाच आवाज नसे. काम नसलं की दिवसच्या दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

गल्लीच्या तोंडाशीच तळणाचा वास आला. गुरुवारी तिथे घरोघरी कढई चढे. गेलेली माणसं जेवत नाहीत, पण तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो, म्हणून पातळ रोट्या तळायच्या. इनोबात-खालाच्या घरी तिच्या नवऱ्याचा, म्हणजे मावलोन-बाबांचा, मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस व्हायचा होता, त्यामुळे तिच्या अंगणात रोजच धूर असे. सोबितला मात्र त्या वासाखाली आणखी काहीतरी जाणवलं. करपट, कोरडं. त्याने नाक पुसलं. थंडीत नाकाचा काय भरवसा.

"आलास? बूट काढ," खाला कढईवरून उठत म्हणाली. "आणि आधीच सांगते, ह्यांच्या खोलीतला दिवा क्षणभरही विझता कामा नये. उद्या चाळिसावा. उद्या संध्याकाळी मीच मालवीन."

"मेन बंद न करता तारेला हात लावला तर माझाही चाळिसावा घालावा लागेल, खाला."

शेजारची हादिचा कणीक मळत होती. ती हसली. "बरंच की! एका तेलात दोघांचं उरकेल."

"गप गं बये. विधुर माणूस तो, त्याची कसली थट्टा करतेस?"

"थट्टा केली नाही तर हसायचा कधी?"

सोबित खरंच थोडा हसला. ओठ ताणल्यासारखे वाटले.

बाबांची खोली आतल्या अंगाला होती. छताला एक पिवळा दिवा. जमिनीवर गादी अंथरलेली, खुंटीवर त्यांची टोपी. गादीजवळ विजेची शेगडी लालभडक तापलेली.

"ही कधीपासून चालू आहे?"

"ह्यांना नेलं त्या दिवसापासून. येतात तेव्हा गारठलेले असतात रे."

"रात्रंदिवस?"

"कधी येणार ते मला सांगून येतात होय?"

सोबितने वर पाहिलं. बाबांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने घातलेली ॲल्युमिनियमची तार होती ती, एका दिव्यापुरती. जोड पिळून घातलेले, वरून माती लिंपलेली. मातीच्या आत बोरूच्या वाळक्या काड्या. त्या तारेवर जवळजवळ चाळीस दिवस शेगडी! कुठेतरी भिंतीच्या पोटात एखादा जोड निखाऱ्यासारखा झाला असणार.

"करपल्याचा वास येत नाही तुम्हाला?"

"येणारच. तळणाचा वास त्यांच्यासाठीच तर काढतो आम्ही," खाला म्हणाली.

हा करपट वासही सगळे तळणाचाच समजत होते. आख्ख्या गल्लीला तो वास येत होता. लोक दारावरून जाताना चेहऱ्यावरून हात फिरवून दुवा मागत होते आणि पुढे जात होते.

त्याने मीटरपासून थेट नवी तार ओढली, खिळ्याला दुसरा दिवा टांगला, तो लागल्यावरच जुन्या तारा सोडल्या. दोन्ही दिवे जळत होते तेवढा वेळ खाला ओठ हलवत उभी होती. शेगडी विझली तेव्हा तिने अंगावरची शाल काढून गादीवर पसरली.

गादीपाशी चहाचे दोन पेले होते. "खाला, दोन कशाला?"

"एकटे येत नाहीत ते," ती सहज म्हणाली. "बरोबर कुणीतरी बाईमाणूस असतं. हलक्या पावलांचं. आधी वाटलं, ह्यांची बहीण असेल. पण ती तर धपधप चालायची." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "मुआत्तरसाठी दिवा लावला होतास ना?"

"आमच्या गल्लीत तेव्हा कितीतरी दिवस वीजच नव्हती. मेणबत्त्या लावल्या होत्या." तो पिशवीत काहीतरी शोधू लागला. "संपल्या."

"अरेरे... वायरमनच्या घरीच दिवा नाही," ती म्हणाली. मांजर शिरेल म्हणून तिने खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि ती अंगणात गेली.

सोबित शेजारच्या अंधाऱ्या खोलीत एकटा उरला. बाहेरून तेलाची चरचर आणि हादिचाची बडबड पुसट ऐकू येत होती. मग ऊन उतरलं तसं तेही लांब गेल्यासारखं झालं. तार कुठून गेली असेल याचा अंदाज घेत तो बाबांच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर पेरं आपटत सरकू लागला. मातीत तारेची खाच असली की आवाज पोकळ येतो. टक्... टक्... भरीव. आणखी थोडं पुढे. भरीव.

आणि पलीकडून थाप आली.

दोन हलक्या. जरा थांबून एक.

खाला असेल, त्याला वाटलं. हात आपसूक त्या बाजूला गेला, वर्षानुवर्षं जेवायला उठावं तसा. त्याने थाप दिली. पलीकडून पुन्हा आली, थोडी उजवीकडे. मग कोनाड्याच्या वर. तिथे ती थांबली आणि त्याच जागी वाजत राहिली. दोन, आणि एक. दोन, आणि एक... घाईने.

त्याने तिथे छिन्नी मारली. लिंपण ढेपळासारखं निघालं. आत बोरू कोळशासारखा काळा पडला होता आणि त्या काळ्यात एक लाल ठिपका श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होत होता. वारा लागताच त्यातून ज्वाळेची जीभ बाहेर आली.

"पाणी! खाला, पाणी आणा!"

दोघी बायका पिठाच्या हातांनी, बादली हिंदकळवत अंगणातून धावत आल्या. निखारा चरचरून विझला. हादिचा मटकन खाली बसली. "या अल्ला! आज रात्री झोपेतच गेलो असतो सगळे."

"खाला," सोबितने विचारलं, "तुम्ही आतून थाप देत होतात ना?"

"मी? मी कढईपाशी होते. खोलीला कुलूप आहे."

तिने किल्ली काढली. आत दिवा शांत जळत होता. शाल जशीच्या तशी. फक्त एक पेला गादीपाशी नव्हता. तो भिंतीच्या कडेला होता, पलीकडच्या त्या कोनाड्याच्या बरोबर पाठीमागे, अर्धा प्यालेला.

खालाचा चेहरा उजळला. "हेच असणार! त्यांचीच तार. त्यांना नाही कळणार तर कुणाला? कशी होती थाप?"

सोबितने वाजवून दाखवली. वाजवता वाजवताच त्याचा हात हवेत राहिला.

"ही ह्यांची नव्हे," खाला हळूच म्हणाली. "लोहाराचा हात त्यांचा. एकच मारायचे, घण घातल्यासारखी. ताटं हलायची घरातली." ती त्याच्याकडे बघत राहिली. "ही बाईची आहे, सोबितजान."

सोबित पुन्हा कामाला लागला. नव्या तारा ओढल्या, जोड पक्के केले, फ्यूजची पेटी बसवली. हात चुकत नव्हते, पण कान भिंतीत होते. पुन्हा काही वाजलं नाही. निघताना तो दारात घुटमळला.

"खाला... दिवा आणखी थोडे दिवस राहू दे ना. तार आता नवी आहे. काही होणार नाही."

"नाही रे बाळा." तिने त्याच्या बाहीवरची माती झटकली. "उद्या त्यांनी जायला हवं. दिवा ठेवला तर ते अडकतील. तिला इथे कशाला बोलावतोस? तू आपल्या घरी लाव की."

तो घरी पोचला तेव्हा अंधार पडत होता. मुआत्तरच्या खोलीत त्याने दिवा लावला. गादी घातली. चहा केला आणि दोन पेले भरले. मग स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून बसला आणि पेरांनी थाप दिली. दोन हलक्या. जरा थांबून एक.

उत्तर आलं नाही. चहा निवून गेला. बाहेर कुणाची तरी गाडी गेली, मग तीही नाही. "मुआत्तर," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "दिवा लावलाय..."

तेव्हा भिंत वाजली.

एकच थाप. लोहाराच्या हाताची, घण घातल्यासारखी. मांडणीवरची ताटं थरथरली आणि बराच वेळ थरथरत राहिली.

सोबित उठला. दुसरी थाप, हलकी, येईल म्हणून श्वास रोखून उभा राहिला. आली नाही. जिथे वाजलं होतं तिथे त्याने हळूच तळवा टेकवला.

हे घर त्याने स्वतः बांधलं होतं. कोणत्या भिंतीत काय आहे ते त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्या भिंतीत त्याने तार घातलीच नव्हती.

भिंत कोमट होती.