सातवीचे डोळे

आगरदांड्याच्या जेट्टीकडे वळताना फ्रेमवाल्या धर्माजीचं दुकान लागतं. देवाची तसबीर असो की नव्या जोडप्याचा फोटो, काच बसवता बसवता एखादा किस्सा ऐकवल्याशिवाय त्याने गिऱ्हाइकाला कधी सोडलं नाही. शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं तो पेणला, गणपतीच्या कारखान्यात शिकला. तिथे त्याच्याकडे आखणी असायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. डोळ्यांशिवाय आपण एकही मूर्ती बाहेर जाऊ दिली नाही, असं तो ऐटीत सांगे.

श्रावणात केसर त्याच्याकडे एक चित्र ठेवून गेली. मुलांच्या पुस्तकांसाठी ती लोककथांची चित्रं काढायची. गेल्या वर्षी तिची लेक तेजू खाडीत बुडाली, तेव्हापासून तिने ब्रश हातात धरला नव्हता. म्हणून धर्माजीला बरं वाटलं. चित्रात साती आसरा होत्या, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी, ओल्या हिरव्या लुगड्यांत खाडीतून वर येणाऱ्या. सहा बायका आणि सातवी पोर. चेहरा थेट तेजूचा. फक्त डोळ्यांच्या जागी कोरा कागद.

"आहे तसंच बसवा," जाताना ती म्हणाली होती. गिऱ्हाईक असं म्हणतंच.

बिचारीचा हात धजला नसेल, त्याला वाटलं. दिवेलागणीला त्याने जुना बारीक ब्रश काढला, चित्र समोर टेकवलं आणि मायेने ते डोळे उघडले. दुकानात एकदम खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाचा वास भरला. ओहोटी असेल, असं समजून त्याने काच बसवून टाकली.

सकाळी केसर आली, चित्र पाहिलं आणि तिथेच स्टुलावर बसली. आवाज चढवला नाही. हळूहळू सांगत गेली. चित्र काढायला घेतल्यापासून तेजू रोज तिन्हीसांजेला घरी यायची. केस ओले, डोळे मिटलेले. भिंत चाचपत, आईच्या वासावर यायची आणि मांडीत डोकं ठेवायची. काल आली नाही.

"धर्मादादा... डोळे काढताना समोर आरसा धरला होतात?"

उघडल्या डोळ्यांची पहिली नजर माणसावर पडू नये म्हणून देवाला आधी आरसा दाखवतात, हा किस्सा तर तिनेही धर्माजीच्याच तोंडून ऐकलेला. दुकानात आरसे ढीगभर होते. सगळे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले.

"समोर कोण होतं मग?"

"मीच, ताई."

"मग ती आता तुमच्याकडे येईल," केसर म्हणाली.

हल्ली केसर रोज तिन्हीसांजेला दुकानात येऊन बसते. धर्माजीचे किस्से बंद झालेत. फरशीवर लहान ओली पावलं उमटतात, केसरच्या स्टुलाला वळसा घालून पुढे येतात. तिला ती दिसत नाहीत.

"आली का हो...?"

"आली. तुमच्याच मांडीत डोकं ठेवलंय."

केसर रिकाम्या मांडीवरून हात फिरवत राहते.

आणि काउंटरमागे एक गार, ओली मूठ धर्माजीचं बोट घट्ट धरून असते. आधी नुसती धरायची. आता ओढते. हळूच, लाडाने... जेट्टीच्या बाजूला.