पोटाला कुणी हात लावला नाही

मिथुन, दिवा राहू दे मालवलेला. ऐका. मागच्या मार्गशीर्षातली अमावस्या. माझा भाचा दर्शन आपलं डहाणू सोडून तलासरीकडे एका दवाखान्यात डॉक्टर लागला होता. खोटं बोलायला तो काही माझ्यासारखा गप्पिष्ट नाही. क्वार्टरमध्ये एकटा, भिंतीशी बोलायची पाळी. म्हणून रात्री अच्छाडच्या ढाब्यावर जेवायला जायचा. तेवढीच माणसांची जाग.

त्या दिवशी दवाखान्यात चैत्या आला होता, बोर्डीच्या वाडीत चिकू उतरवणारा. उजवी मांडी दुखते, अंगात ताप. "शिडीवरून उतरताना लचक भरली," बायको म्हणाली. रूपी तिचं नाव. दोन दिवस बिचारी मोहाचं तेल चोळत होती. दर्शननेही पायच बघितला, गोळ्या दिल्या, रात्रीपुरतं ठेवून घेतलं.

जेवून परत येताना वेवजीच्या फाट्यापुढे बाईकच्या उजेडात एक म्हातारा दिसला. उजवा गुडघा वाकवून लंगडत होता.

"बसा बाबा, सोडतो."

म्हातारा मागे बसला. गाडीला वजन जाणवलं नाही.

"पायाला काय झालं?"

"पायाला कायच नाय. सगळी पायच चोळत रायली. पोटाला कोणी हात नाय लावला..."

"कधीपासून दुखतंय?"

...

दर्शनने मागे बघितलं. सीट रिकामी.

माझी तर तिथंच गाळण उडाली असती. त्याचीही उडाली. पण तो घरी पळाला नाही, थेट चैत्याकडे गेला. त्याला डाव्या कुशीवर वळवलं. उजवा पाय हळूच मागे ओढला. चैत्या कळवळला... हात मांडीवर नाही गेला. पोटावर. उजवीकडे, खाली.

अपेंडिक्स मागच्या बाजूला फुटलं होतं, पू मांडीत उतरला होता. हजारात एखाद्यालाच होतं असं. "तेल बंद," दर्शन रूपीला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात चला." रात्रीच ऑपरेशन झालं. चैत्या वाचला.

"तुला कसा कळला, डॉक्टर?" रूपीने विचारलं. बापड्याने चैत्याचं पांघरूण सारखं केलं.

पहाटे तो क्वार्टरवर आला. कुलूप काढलं. पाहुण्यांसाठी एक जादा खाट होती, तिच्यावर कधी कुणी झोपलंच नव्हतं.

चादर दबलेली होती. डोक्याची जागा... पाठीची... उजवा पाय गुडघ्यात दुमडलेला.

दर्शन शेजारी बसला. पोट जिथं असेल तिथं हात ठेवला.

चादर तापलेली होती.