त्याच झाडाची माती

निसर्गात गूढ असं काही नसतं. असतो तो आपल्या अभ्यासाचा आळस. डेल्मर रॅटलिफने हे शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्याचा मूळ विषय सुतारकाम होता, पण व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात विज्ञानाला दुसरा मास्तर टिकत नसे.

निवृत्तीनंतर त्याचा एकच विद्यार्थी उरला : घरामागच्या चढावरचं चेस्टनटचं झाड. डोंगरावरची बाकीची चेस्टनट त्याच्या जन्माआधीच बुरशीने खाल्ली होती, आणि जी निरोगी उरली ती त्याच्या वडिलांनी, हॉबर्टने, ‘मरायच्या आत विकू’ म्हणून आडवी केली. हे तेव्हा मनगटाएवढं होतं म्हणून वाचलं. आता त्याच्याही खोडावर नारिंगी पुटकुळ्यांचे बसके व्रण उठत. व्रणाने खोडाला वेढा घातला की वरचं सगळं वाळतं. उपाय एकच. त्याच झाडाच्या बुंध्याची माती कालवून व्रणावर लिंपायची, वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं. मातीतले जीव बुरशीला पुरून उरतात.

“कापून टाक एकदाचं,” त्याची थोरली बहीण व्हेस्टा दर वर्षी म्हणे. “फळ तरी देतं का मेलं? नुसती पोकळ बोंडं, आणि पायात काटे.”

“एकट्या झाडाला दाणा धरत नाही, व्हेस्टा. शेजारी जोडीदार लागतो.”

“मग तुझ्याच वळणावर गेलंय.”

“मी आहे तोवर याला कुऱ्हाड लागणार नाही. बुरशीला सांग, नाहीतर वर कबरीवर जाऊन बाबांना सांग.”

त्या मे महिन्यात छातीच्या उंचीवर नवा व्रण उठला. डेल्मरने बुंध्याशी फावडं मारलं तर नुसते दगड. अकरा वर्षांच्या उपशाने माती संपली होती. वीस पावलांवर, कुंपणाआड, घराण्याच्या कबरी. आदल्याच रविवारी सगळ्या रॅटलिफांनी जमून, रिवाजाप्रमाणे, गवत खरवडून प्रत्येक कबरीवर तिथल्याच मातीचा उंच वरंबा चढवला होता. मुळं वीस पावलं सहज जातात. म्हणजे शास्त्राने ती त्याच झाडाची माती. हॉबर्टच्या वरंब्यावरून त्याने दोन बादल्या उचलल्या.

माती थंड होती. भर उन्हात लिंपली, तरी थंडच राहिली.

जूनमध्ये पट्टी फुगली. डेल्मरने तळव्याने दाबून बसवली. सकाळी पुन्हा फुगलेली. ‘आंबवण’, त्याने वहीत लिहिलं आणि चिकटपट्टीचे आणखी चार वेढे दिले.

ऑगस्टमध्ये त्याने पट्टी सोडली. मातीची लादी अखंड सुटून आली. खाली साल भरून आली होती, गुळगुळीत. व्हेस्टाने लादी उलटी केली.

तिच्यात तळहाताचा ठसा होता. मनगटापर्यंत.

“माझाच,” डेल्मर म्हणाला. “लिंपताना उमटला.”

“तू बाहेरून लिंपतोस. हा झाडाच्या बाजूचा आहे.”

ती वाकली.

“आणि तुझी पाचही बोटं शाबूत आहेत.”

हातावर अंगठा होता, आणि दोनच बोटं. हॉबर्टची उरलेली दोन लाकडाच्या गिरणीत गेली होती.

डेल्मरने लादी बादलीत फोडली, पाणी घातलं आणि वरच्या व्रणाला लिंपायला घेतली.

“बाबा,” तो खोडाला म्हणाला, “कापायला आला असाल तर परत जा. लिंपायला आला असाल तर अजून तीन व्रण आहेत.”

व्हेस्टाने त्याला वेडा म्हटलं नाही. तिने शिडी धरली.

ऑक्टोबरात बोंडं पडली. पहिलं व्हेस्टाच्या बुटाखाली फुटलं. आत तपकिरी, टपोरे तीन दाणे. दोघांनी मिळून चाळीस फोडली. चाळीसही भरलेली.

“जवळपास कुठेतरी दुसरं चेस्टनट असणार,” डेल्मर म्हणाला.

डोंगरावरचं शेवटचं दुसरं चेस्टनट हॉबर्टने एकोणीसशे चौतीस साली पाडलं होतं. त्याच्या फळ्या त्याने विकल्या नाहीत. हॉबर्टची शवपेटी त्याच फळ्यांची केली होती.